भोपळ्यावरची पहिली सुरी

आमच्या सासरी अख्खा भोपळा बाईने कापायचा नाही अशी रीत आहे. पहिली सुरी पुरुषाने घालायची, मग पुढच्या फोडी बायकांनी खुशाल कराव्यात. मी नवी नवरी असताना सासूबाईंनी मला हे सांगितलं, त्याचं कारणही सांगितलं. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. आईने त्याच्यावर सुरी कशी चालवायची? मी त्यांच्यासमोर मान डोलावली आणि नंतर नवऱ्याजवळ पोट धरून हसले. तो म्हणाला, "हसू नकोस, या घरातला थोरला मीच आहे." मग तोही हसला.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. काचेच्या बशीत वाढलेली बुरशी बघायची आणि तिचं नाव सांगायचं, हा माझा रोजचा धंदा. अशा बाईने भाजीला मुलगा मानावं म्हणजे काय, असं मला वाटायचं. पण रीत पाळायला काही जड जात नव्हतं. बहारीनला आल्यावरही भोपळा आणला की तो ओट्यावर बसून राहायचा. संध्याकाळी नवरा सलमाबादच्या वर्कशॉपमधून यायचा, हात धुवायचा, भोपळ्यात सुरी खुपसायचा आणि "यल्ला, चला, घ्या तुमचा भोपळा," म्हणून चहा मागायचा. इतकंच.

जनाबियातल्या आमच्या कंपाउंडमध्ये नाना देशांची माणसं राहतात, त्यामुळे हॅलोवीन तिथे कुणाचाच सण नाही आणि सगळ्यांचा आहे. ऑक्टोबर सरता सरता हवेतला चिकटपणा उतरतो, संध्याकाळी दारं उघडी ठेवता येतात, आणि नेमकी तेव्हाच सगळी पोरं भुतं होऊन चॉकलेटं मागत फिरतात. आमच्या दारातला भोपळ्याचा कंदील मुलगा कोरायचा. बापाने पहिली सुरी घातली की पुढचं सगळं त्याचं. त्याच्या भोपळ्याचा एक डोळा मोठा आणि एक अगदी बारीक असायचा. "डोळा मारतोय तो," असं तो म्हणायचा, आणि त्याची धाकटी बहीण दरवर्षी तितकीच खिदळायची.

मी या पोरांची लॅबवाली आंटी. चॉकलेटं वाटण्याआधी मी त्यांना लॉनवर बसवून थोडं शहाणपण शिकवायचे. हा सण दुकानात जन्मला नाही, असं मी सांगायचे. आयर्लंडकडच्या जुन्या लोकांचं वर्ष पीक घरात आलं की संपायचं. गुरं कुरणातून गोठ्यात यायची, पुढे नुसती थंडी आणि अंधार. अशा सांध्याच्या रात्री मेलेली माणसं आपापल्या घराकडे फिरकतात अशी त्यांची समजूत. म्हणून शेकोट्या, म्हणून मुखवटे, कारण भुताला आपण त्याच्यातलेच वाटलो की ते आपला नाद सोडतं. पुढे चर्चने त्याच सुमाराला सगळ्या संतांचा आणि सगळ्या मृतांचा दिवस लावला. गरिबांनी दारोदार जायचं, त्या घरातल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची आणि बदल्यात गोड खाऊ घ्यायचा. "तुम्ही खाऊ तेवढा घेता आणि प्रार्थना विसरता," असं मी म्हणाले की पोरं ओशाळं हसायची. कंदील आधी सलगम नावाच्या कंदाचा असायचा. माणसं अमेरिकेला गेली, तिथे त्यांना भोपळा सापडला. मोठा, आतून पोकळ, कोरायला सोपा.

हे सगळं मी सासूबाईंनाही फोनवर ऐकवलं होतं. त्या म्हणाल्या, "मग आपण दारात कोहळा टांगतो तेच की. तुला वाटतं आम्हीच तेवढ्या खुळ्या."

इतिहास झाला की विज्ञान. दोन भोकं आणि त्याखाली एक फट दिसली की मेंदू तिथे चेहरा बघतोच, कारण माणसाच्या पिलाला सगळ्यात आधी चेहराच ओळखावा लागतो. दलदलीवर हलणारे उजेड म्हणजे भुतांच्या मशाली नव्हेत, खाली काहीतरी कुजत असतं, त्यातून वायू निघतो. भीती वाटली की छाती धडधडते, आणि भीती खोटी निघाली की त्याच धडधडीची मजा वाटते. शेवटी माझा आवडता धडा. एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिलीने दुसरी घडवली असं होत नाही. मांजर आडवं गेलं आणि पेपर अवघड गेला तर दोष मांजराचा नाही. यावर सगळ्यात मोठ्याने माझा मुलगा हसायचा, कारण त्याचे बरेच पेपर अवघड जायचे.

मग तो बारावी होऊन पुण्याला कॉलेजात गेला. त्या वर्षी हॅलोवीनच्या संध्याकाळी नवरा वर्कशॉपमध्ये कामात अडकला. बाहेर पोरांचा गलका सुरू झालेला, लेकीने रडून घर डोक्यावर घेतलेलं, भोपळा ओट्यावर तसाच. सासूबाई कराडहून व्हिडिओ कॉलवर होत्या. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि सुरी हातात घेतली.

"अगं थांब जरा," त्या म्हणाल्या. "येईल ना तो."

"आई, मुलं दारात येतील आता."

"मग शेजारपाजारचं कुणी बोलाव. एवढं ऐक माझं."

"आई, भोपळा आहे तो," मी म्हणाले आणि सुरी घातली. पडद्यावर त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मला त्यांची चीडही आली आणि थोडं हसूही आलं.

डिसेंबरात मुलगा मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून महाबळेश्वरला निघाला. आमच्या घरात एक नियम होता. प्रवासाला निघताना फॅमिली ग्रुपवर 'निघालो' लिहायचं आणि उतरल्यावर 'पोचलो'. सकाळी त्याचं 'निघालो' आलं. दुपारी मी लिहिलं, 'पोचलास का?' त्याखाली पुढे कुणी काही लिहिलं नाही. काय झालं ते आम्हाला एका परक्या माणसाच्या फोनवरून कळलं.

कराडला ते सगळे दिवस सासूबाईंनी मला सांभाळलं. घास भरवले, केस विंचरले, भेटायला येऊन नको ते विचारणाऱ्या बायकांना दारातून परत पाठवलं. पण भोपळ्याचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. काढला असता तर मी कडाकडा भांडले असते, भांडायला माझ्यापाशी सगळं विज्ञान तयार होतं. मला त्यांच्याकडून एकच हवं होतं. त्यांनी एकदा तोंडाने म्हणावं, तुझा काही दोष नाही. किंवा म्हणावं, तुझ्यामुळे गेला. त्या दोन्हींतलं काहीच म्हणाल्या नाहीत, आणि त्यांच्या मनात काय आहे हे न कळता जगणं मला फार जड गेलं.

बहारीनला परतल्यावर मी अख्खा भोपळा आणणं सोडलं. सुपरमार्केटात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फोड मिळते, ती आणायची. कुणी विचारलं तर म्हणायचे, तीन माणसांना अख्खा कशाला? हे वाक्य तोंडातून गेल्यावर दरवेळी माझं मलाच लागायचं. मुलाच्या चपला दारात आपटल्याचा आवाज मला अजून येतो. जवळचं माणूस गेल्यावर त्याची चाहूल लागणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, मेंदूला सवय मोडायला वेळ लागतो, असं मी वाचलेलं आहे. ते बरोबरच असणार. तरी मी जाऊन दार उघडून बघते.

गेल्या वर्षी हॅलोवीनला आम्ही बाहेरचे दिवे मालवून आत बसून राहिलो. पोरं दार न वाजवता पुढे गेली, त्यांच्या आयांनी त्यांना सांगून ठेवलं असावं. मी लेकीला विचारलं, तुला जायचंय का? ती म्हणाली, "इट्स फाइन, आई." भावाचं नाव तिने त्या डिसेंबरनंतर घेतलं नव्हतं. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. त्या इंग्रजीच्या आड ती काय काय ठेवते, हे मला आई असून सांगता आलं नसतं.

या वर्षी सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. त्यांना येऊन थोडे दिवस झाले होते तेव्हा समोरच्या व्हिलातली शेजारीण दोन्ही हातांत मोठा केशरी भोपळा धरून दारात उभी राहिली. ती वसईची, ख्रिस्ती, नर्सचं काम करते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या दिवशी गावच्या कबरस्तानात जाता येत नाही म्हणून ती इथे अंगणात आईवडिलांच्या नावाने मेणबत्त्या लावते.

"तुमची मुलगी मला म्हणाली, आंटी, मी तुमच्या घरी येऊन भोपळा कोरू का?" शेजारीण म्हणाली. "मला कसंतरीच झालं. म्हटलं, तिने तिच्या घरीच कोरावा. माझं चुकलं काय?"

"नाही हो," मी म्हणाले. "बसा, चहा घ्या."

चहा झाला, ती गेली आणि भोपळा ओट्यावर राहिला. मी आणि सासूबाई त्याला वळसा घालून स्वयंपाक करू लागलो. त्यांनी त्याच्यावर एक धुतलेलं फडकं टाकलं. मी म्हणाले, माशी बसेल म्हणून का? त्या म्हणाल्या, हो, माशी बसेल. लॅबमध्ये मी दिवसभर खरं बोलण्याचा पगार घेते आणि घरात आम्ही दोघी एका भोपळ्यावरून धडधडीत खोटं बोलत होतो.

एकतीस तारखेला शाळेतून आल्यावर लेकीने ते फडकं काढलं आणि मार्करने भोपळ्यावर चेहरा काढला. एक डोळा मोठा, एक बारीक. काढून झाल्यावर ती बाजूला उभी राहिली. सासूबाईंनी तो चेहरा बघितला आणि पदराने डोळे टिपले.

नवरा त्या दिवशी मुद्दाम लवकर आला. मला हायसं वाटलं. त्याने सुरी घातली की रीतही राहील, लेकीचा भोपळाही होईल, आणि हा दिवस एकदाचा खलास. त्याने नेहमीसारखे हात धुतले, सुरी उचलली. चेहऱ्याकडे बघून क्षणभर थांबला, मग देठाजवळ सुरीचं टोक लावलं.

"तू नको," सासूबाई म्हणाल्या.

तो थांबला. "काय झालं?"

"बाजूला हो. आण ती सुरी इकडं."

"आई, कडक असतो हा, तुझ्याच्याने नाही कापवणार."

"आण म्हटलं ना."

त्यांनी त्याच्या हातातून सुरी काढून घेतली. त्यांचा हात इतका थरथरत होता की पहिल्यांदा टोक सालीवरून घसरलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी मूठ धरली आणि अंगाचा भार टाकून सुरी आत घातली. भोपळ्यातून करकर आवाज आला. सुरी तशीच आत ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"हा बघ, माझा थोरला इथं उभा आहे," त्या म्हणाल्या. "घातली की नाही मी सुरी? काही होत नाही. कळलं का तुला? काही होत नसतं."

मला रडू फुटलं. दोष नाही, हे ऐकायला मी इतके दिवस आसुसले होते, पण ते असं ऐकायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. सासूबाईंचा या रीतीवरचा विश्वास उडालेला नव्हता. उडाला असता तर हात थरथरला नसता. त्या माझ्यासारख्या पुस्तकं वाचून आलेल्या नव्हत्या. भोपळा म्हणजे थोरला हे त्यांनी आयुष्यभर खरं मानलं, आणि मला मोकळं करण्यासाठी त्याच थोरल्याला पणाला लावलं. मी त्यांच्या जागी असते तर माझ्याच्याने ते झालं नसतं. आणि त्याच क्षणी मला, लॅबमधल्या बाईला, नवऱ्याकडे बघून धास्ती वाटली, आता याला काही झालं तर?

"आजी, यू डिड इट!" लेक म्हणाली.

"व्हय, केलं बाई," आजी म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. त्यांना घाम फुटला होता.

पुढचं काम लेकीने केलं. आतला गर चमच्याने खरवडला, तो सासूबाईंनी वाया जाऊ नये म्हणून पातेल्यात घेतला. मी आतून व्हिनेगरचा बोळा फिरवला, नाहीतर इथल्या हवेत भोपळ्याला लगेच बुरशी धरते. दिवेलागणीला कंदील दारात ठेवला. मी पोरांना दरवर्षी सांगायचे, तो चेहरा नाही, दोन भोकं आणि एक फट आहे. त्या संध्याकाळी मी तिथे बराच वेळ उभी राहिले, पण मला भोकं दिसली नाहीत.

पोरं आली. लॉनवरची शिकवणी कुणी मागितली नाही, मीही दिली नाही. एका चिमुकल्या चेटकिणीने मात्र विचारलं, याचा एक डोळा लहान का?

"डोळा मारतोय तो," लेक म्हणाली. "माझा दादा असाच करायचा."

मराठीत म्हणाली. आमच्यापैकी कुणाकडे न बघता ती पुढच्या पोराला चॉकलेट देऊ लागली. नवरा आत निघून गेला, सासूबाई त्याच्या मागे गेल्या.

सकाळी लेक शाळेच्या बसने गेली, नवरा गाडी घेऊन सलमाबादला निघाला. माझी त्या दिवशी दुपारची शिफ्ट होती. सासूबाई त्या गराचे घारगे करायला बसल्या. "पांचट आहे तुमचा हा भोपळा," म्हणून त्यांनी आणखी गूळ घातला. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. सलमाबाद काही लांब नाही. नवरा रोज जातो, रोज येतो, तिथे पोहोचल्याचं त्याने कधी कळवलेलं नाही, कळवण्यासारखं ते अंतरच नाही.

सासूबाईंनी कणीक मळली. मळून झाल्यावर पुन्हा मळली. तेल तापलं, पण घारगा काही त्यात पडेना.

"कुणाचा फोन यायचाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग सारखी काय बघतेस तिकडं?"

"तुम्ही काय बघताय, आई?"

आम्ही दोघी त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिलो. काल काही होत नाही असं ठणकावून सांगणारी बाई आणि त्याहून मोठ्याने जगभराला तेच शिकवणारी मी. उठून नवऱ्याला फोन करावा असं वाटत होतं, पण तो गाडी चालवत असताना त्याने फोन उचलावा असंही वाटत नव्हतं.

फोन वाजला नाही, नुसता उजळला. मेसेज फॅमिली ग्रुपवर होता. त्या डिसेंबरनंतर आमच्यापैकी कुणी तो ग्रुप उघडला नव्हता आणि कुणी तो पुसलाही नव्हता. मी उघडला. वर मुलाचं 'निघालो' तसंच होतं. त्याच्याखाली माझं 'पोचलास का?' आणि त्याच्याखाली नवऱ्याने आत्ता लिहिलेला एकच शब्द.

म्हणजे त्यालाही रात्रभर तीच धास्ती होती. आम्ही दोघी ओट्यापाशी जीव मुठीत धरून बसलो असणार, हे त्याला न सांगता कळलं होतं. पण तो शब्द कुठे जाऊन बसतोय हे लिहिताना त्याच्या लक्षात आलं असेल की नाही, मला माहीत नाही. मी त्याला अजून विचारलेलं नाही.

"काय लिहिलंय?" सासूबाईंनी विचारलं. चष्मा त्यांच्या डोक्यावरच होता, पण तो खाली ओढायचं त्यांना सुचत नव्हतं.

मी फोन त्यांच्यापुढे धरला आणि वरपासून एकेक ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. निघालो. पोचलास का? पोचलो.

त्यांनी गॅस बंद केला. पिठाचे हात तसेच माझ्या गळ्यात टाकले आणि म्हणाल्या, "पोचला गं पोरगा. पोचला."

त्या कुणाबद्दल बोलत होत्या, ते मी विचारलं नाही.